उजळाईवाडीचे विमान किती वाजता सुटावे, हे कोणी ठरवावे?

मुंबईत सकाळी अकराची बैठक असलेला कोल्हापूरचा उद्योजक आजही आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस नाहीतर स्लीपर बस धरतो. घरी जेवून निघतो, सकाळी उतरतो, दिवसभरात कामे उरकतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. त्याचा कामाचा एकच दिवस जातो आणि मुक्कामाचा खर्च होत नाही. या माणसाला दुपारी बाराला सुटणाऱ्या विमानाचा काय उपयोग? जाताना अर्धा दिवस मोडतो, येताना दुसरा अर्धा, मध्ये एक मुक्काम पडतो. प्रवास तासाभराचा असला तरी दोन दिवस खर्ची पडतात. कोल्हापूरच्या विमानाची खरी स्पर्धा रात्रीच्या रेल्वेशी आहे. तिथे टिकायचे तर सकाळी सातच्या आत सुटणारे आणि रात्री आठनंतर परत आणणारे विमान हवे.

ही गोष्ट गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांपासून शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल एजंटपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरीही ती घडवून आणण्याचा अधिकार उजळाईवाडीत, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, कोणाकडेच नाही. विमानतळ किती तास उघडा राहणार, हे विमानतळ प्राधिकरणाच्या दिल्लीतल्या मुख्यालयातून, राजीव गांधी भवनातून मंजूर होते. मुंबईत विमानाला उतरायची वेळ मुंबईचा विमानतळ देतो. कोणत्या मार्गाला किती अनुदान आणि किती वर्षे, हे केंद्राच्या योजनेत ठरते. इंधनावरचा कर राज्य ठरवते. विमानतळाच्या संचालकांच्या हाती उरते ते दैनंदिन कामकाज, आणि ते काम चोख होत असले तरी त्यातून वेळापत्रक तयार होत नाही.

आमचे म्हणणे असे आहे : कोल्हापूरसारख्या विमानतळाला स्वतःचा ताळेबंद, स्वतःचे संचालक मंडळ आणि मोजक्याच पण खऱ्या अधिकारांची स्वायत्तता द्यावी. विमानतळ विकू नये, आणि त्याला मिळणारा आधारही काढून घेऊ नये. पैसा बाहेरून येत राहील. तो कशावर खर्च करायचा, हे मात्र इथे ठरावे.

आधी धावपट्टीचे बघू, कारण सगळे तिथून सुरू होते.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये कोल्हापूरला विमानतळ झाला. देशातल्या मोजक्या संस्थानांना तेव्हा असे काही सुचले होते. स्वातंत्र्यानंतर तो राज्य सरकारकडे, पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि तिथून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला. मालक बदलत राहिले. धावपट्टी मात्र कित्येक वर्षे १,३७० मीटरचीच राहिली.

हा आकडा कमी का पडतो, ते साध्या गणिताने कळते. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनाच्या एटीआर-७२ या लहान प्रवासी विमानाला उडायला सुमारे १,३१५ मीटर लागतात. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०९ मीटर उंच आहे. उंचीवर हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा ढोबळ नियम असा की दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवायची. म्हणजे इथे सुमारे १४ टक्के. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश येते. उन्हाळ्याचे कमाल तापमान ३७ अंश धरले तर फरक २६ अंशांचा. दर अंशाला एक टक्का, म्हणजे आणखी २६ टक्के. दोन्ही मिळून १,३१५ चे जवळपास १,९०० मीटर होतात. १,३७० मीटरच्या पट्टीवरून एटीआर उडते, पण एप्रिल-मेच्या दुपारी भरलेली उडत नाही. काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, नाहीतर इंधन कमी घ्यावे लागते. रिकाम्या जागांचे तिकीट कोणी काढत नाही, आणि विमान कंपनीच्या ताळेबंदात कोल्हापूरच्या नावापुढे तोटा लिहिला जातो.

धावपट्टी टप्प्याटप्प्याने आधी १,९३० आणि पुढे २,३०० मीटर करण्याचा आराखडा म्हणूनच योग्य होता. हेच सूत्र एअरबस ३२० ला लावले तर समुद्रसपाटीच्या २,१०० मीटरचे इथे तीन हजारांच्या वर होतात. इतकी मोठी दुरुस्ती आली की नियमाप्रमाणे ढोबळ सूत्र सोडून त्या विमानतळाचा खास अभ्यास करावा लागतो. पण मुंबई, बेंगळुरू, हैदराबादसाठी टाकी पूर्ण भरावी लागत नाही, वजन कमी राहते, आणि २,३०० मीटर कामाला येतात. दिल्लीसारख्या लांबच्या मार्गावर उन्हाळी दुपारी मात्र वजनाची ओढाताण होऊ शकते. सकाळी सहाला तेच विमान उडाले तर तापमान दहा-बारा अंशांनी कमी असते, म्हणजे लांबीची गरजही तितक्याच टक्क्यांनी उतरते. पहाटेची वेळ प्रवाशाला सोयीची आहे आणि विमानालाही. दुपारचे विमान दोघांनाही नको असते.

धावपट्टी वाढवायची म्हणजे नुसते डांबर वाढवायचे नसते, हेही समजून घ्यायला हवे. पट्टीच्या दोन्ही टोकांना ६० मीटरची मोकळी जागा, त्यापुढे विमान घसरलेच तर ते थांबावे म्हणून २४० मीटरचा सुरक्षा पट्टा, आणि उपकरणांच्या मदतीने उतरण्यासाठी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १४०-१४० मीटर सपाट जमीन. २,३०० मीटरच्या पट्टीला हे सगळे धरून २,९०० गुणिले २८० मीटर, म्हणजे ८१ हेक्टर, सुमारे २०० एकर लागतात. टर्मिनल, विमाने उभी करण्याची जागा, वाहनतळ हे त्याशिवाय. गडमुडशिंगीची ६४ एकर जमीन विस्तारासाठी का घेतली, याचे उत्तर या हिशोबात आहे. गावकऱ्यांपुढे हा हिशोब नकाशासह पहिल्याच दिवशी मांडला असता तर निम्मे गैरसमज टळले असते. जमीन मागणारी यंत्रणा वेगळी, मोजणारी वेगळी, मोबदला देणारी वेगळी आणि विमानतळ चालवणारी चौथीच. या चौघांच्या मध्ये जमीन देणारा शेतकरी वर्षानुवर्षे हेलपाटे घालतो.

आता वेळेचा मुद्दा. सकाळी सातला विमान सुटायचे तर ते रात्री कोल्हापुरातच मुक्कामाला असले पाहिजे. मुंबईहून सकाळी येणारे विमान साडेआठला उतरणार, नऊला निघणार. तोवर बैठकीची वेळ हुकलेली असते. रात्रीच्या मुक्कामाला काय लागते? विमान उभे करायला मोकळी जागा, रात्रभर पहारा, वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांना नियमाने ठरलेली विश्रांती मिळेल अशी निवासाची सोय, पहाटे विमान तपासून सही करणारा परवानाधारक अभियंता आणि इंधनाची गाडी. शिवाय विमानतळाची दुसरी पाळी. विमानतळ ज्या तासांत उघडा असतो त्यांना वॉच अवर्स म्हणतात. ते वाढवायचे तर हवाई वाहतूक नियंत्रक, दळणवळण उपकरणांचे तंत्रज्ञ, हवामान विभागाचे कर्मचारी, अग्निशमन दल आणि सुरक्षा पोलीस या सगळ्यांची वाढीव माणसे लागतात. यातला एक जरी गट अपुरा पडला तरी बाकीच्यांचे असणे व्यर्थ ठरते.

अग्निशमनाचेच उदाहरण घ्या. विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळाला अग्निशमनाची श्रेणी लागते. एटीआर-७२ ला पाचवी श्रेणी पुरते. ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ आणि एअरबस ३२० दोन्ही सहाव्या श्रेणीत येतात. सहाव्या श्रेणीला फेसाच्या प्रकारानुसार साधारण ७,९०० लिटर पाणी वाहणारे दोन बंब हवेत, आणि धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पोहोचण्याची तयारी हवी. दोनपैकी एक बंब गॅरेजमध्ये गेला की श्रेणी घसरते, आणि मोठे विमान उतरवण्यात अडचण येते. अशा वेळी सुटा भाग मागवायचा प्रस्ताव प्रादेशिक कार्यालयातून मुख्यालयात आणि तिथून परत फिरायचा, की तीन-चार तालुक्यांत पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यांनी भरलेल्या या जिल्ह्यात विमानतळाने दोन दिवसांत दुरुस्ती करून घ्यायची? खर्चाचे स्थानिक अधिकार म्हणजे काय, ते अशा जागी कळते.

पावसाळ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. डोळ्यांनी बघून उतरण्याच्या नियमात पाच किलोमीटर दृश्यमानता आणि दीड हजार फुटांवर ढग लागतात. रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीवर आणणारी आयएलएस यंत्रणा असेल तर साधारण ५५० मीटर दृश्यमानतेत आणि २०० फुटांपर्यंत खाली येऊन निर्णय घेता येतो. जुलैतल्या कोल्हापुरात हा फरक म्हणजे विमान येणे आणि न येणे यातला फरक आहे. आयएलएस खर्चिक आहे, तिच्या अँटेनांना जागा लागते, आणि ती वेळोवेळी विमान उडवून तपासावी लागते. लहान विमानतळांसाठी भारताने स्वतःची उपग्रहाधारित गगन यंत्रणा उभी केली. तिच्या आधारे २५० फुटांपर्यंत खाली येता येते आणि जमिनीवर महागडी उपकरणे लागत नाहीत. २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एका एटीआरने अशा पद्धतीने उतरून दाखवले. १ जुलै २०२१ नंतर नोंदणी होणाऱ्या विमानांना गगनचे उपकरण सक्तीचे आहे. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, सिंधुदुर्ग अशा प्रत्येक धावपट्टीच्या दोन्ही टोकांसाठी गगनवर आधारित उतरण्याची पद्धत आखून प्रसिद्ध करणे, हे टर्मिनलच्या कमानींपेक्षा आधीचे काम आहे. कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे, याबद्दल दुमत नाही.

आणि आता पैसा. याच भागात धोरणाची खरी चूक आहे, म्हणून थोडे सविस्तर.

२०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणातून लहान शहरांना विमानाने जोडणारी उडान योजना आली. एप्रिल २०१७ मध्ये पहिली विमाने उडाली, त्यात नांदेड-हैदराबादही होते. योजना अशी : विमानातल्या निम्म्या, जास्तीत जास्त ४० जागांना भाड्याची कमाल मर्यादा, त्यामुळे पडणारी तूट कंपनीला अनुदान म्हणून मिळते, त्यात केंद्राचा वाटा ८० आणि राज्याचा २० टक्के, मार्गावर तीन वर्षे मक्तेदारी, विमानतळावर उतरण्याचे व उभे राहण्याचे शुल्क माफ, राज्याने इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन मोफत द्यायचे. केंद्राचा वाटा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा राहतो. कल्पना उत्तम आहे. कोल्हापूरला डिसेंबर २०१८ मध्ये हैदराबाद व बेंगळुरूची नियमित सेवा मिळाली, पुढे तिरुपतीची, ती याच योजनेमुळे. तिरुपतीचा मार्ग तर इथल्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही. बालाजीचे दर्शन घेऊन अंबाबाईला येण्याची रीत जुनी आहे, आणि नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो. अशी मागणी बाहेरच्या तक्त्यात दिसत नाही. ती गावाला माहीत असते.

पण तीन वर्षे संपल्यावर काय? एक काल्पनिक हिशोब मांडू. समजा, ७६ जागांच्या विमानाची एक फेरी चार लाख रुपयांना पडते. ३८ जागा २,५०० रुपयांनी गेल्या तर ९५ हजार. उरलेल्या ३८ जागा ४,५०० रुपयांनी गेल्या तर १ लाख ७१ हजार. एकूण २ लाख ६६ हजार. तूट १ लाख ३४ हजारांची, म्हणजे सवलतीच्या प्रत्येक जागेमागे सुमारे साडेतीन हजार रुपये अनुदान. आता चौथे वर्ष उजाडते. अनुदान थांबते. विमान ७० टक्के भरते, म्हणजे ५३ प्रवासी. चार लाख भागिले ५३ : साडेसात हजार रुपये तिकीट. अडीच हजारांना सवय झालेला प्रवासी साडेसात हजार देत नाही. तो पुन्हा रात्रीच्या गाडीत बसतो. मग प्रवासी ४० होतात, तिकीट दहा हजारांवर जाते, आणि मार्ग बंद पडतो. तीन वर्षांच्या कड्यावरून ढकलण्याऐवजी सात वर्षांची उतरंड ठेवली असती, दरवर्षी थोडे अनुदान कमी आणि थोडे भाडे जास्त, तर बाजार तयार व्हायला वेळ मिळाला असता.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल हेच सांगतो. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. त्यानंतरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले फक्त ५४. दिलेल्या मार्गांच्या शंभरातले सात. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईची सेवा वाजतगाजत सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत संपताच थांबली. बेळगावला एकेकाळी दहाहून अधिक शहरे जोडलेली होती. मुदती संपत गेल्या तशी त्यातली काही गळाली. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे आणि चार कोटी प्रवासी असे सुधारित योजनेचे उद्दिष्ट जाहीर झाले. नवी ठिकाणे किती, हे मोजले जाते. चौथ्या आणि आठव्या वर्षी किती मार्ग चालू आहेत, हे उद्दिष्टात नाही.

शिवाय, हे अनुदान विमान कंपनीला मिळते, विमानतळाला नाही. कंपनी गेली की त्या मार्गाचे ज्ञानही जाते : कोणत्या वारी किती भरले, किती भाड्याला मागणी तुटली, कोणत्या महिन्यात पूर्ण जागा गेल्या. पुढची कंपनी पुन्हा अंधारात सुरुवात करते. अनुदानाच्या करारात ही आकडेवारी विमानतळाच्या स्वाधीन करण्याची अट हवी. जनतेच्या पैशाने मिळवलेली माहिती आहे ती.

मुंबईच्या स्लॉटची, म्हणजे विमानाला उतरण्या-उडण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वेळेची, अडचण सगळ्यांना पाठ आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते. २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या तासातली उड्डाणे ४६ वरून ४४ वर आणली गेली. त्या ४४ पैकी एक जागा १८० आसनी दिल्लीच्या विमानाला द्यायची की ७६ आसनी कोल्हापूरच्या, हे कंपनीवर सोडले तर उत्तर ठरलेले आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथे जुन्या हक्कांची गर्दी अजून झालेली नाही. म्हणून आताच राज्याने आग्रह धरावा, की सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर ठरावीक स्लॉट राज्यातल्या लहान शहरांच्या नावे राखले जावेत, कंपनीच्या नावे नव्हे. कंपनीने कोल्हापूरचा मार्ग सोडला तर तो स्लॉट कोल्हापूरकडेच राहील आणि दुसऱ्या कंपनीला देता येईल. पाच वर्षांनी हे मागायला गेलो तर नवी मुंबईतही मुंबईचेच उत्तर मिळेल.

मग स्वायत्त विमानतळ म्हणजे नेमके काय?

त्याचे नमुने आपल्याकडेच आहेत. नागपूरसाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी ५१ आणि विमानतळ प्राधिकरण ४९ टक्के अशी संयुक्त कंपनी झाली. चंडीगडला प्राधिकरणाचे ५१, पंजाब आणि हरियाणाचे साडेचोवीस-साडेचोवीस. कोचीचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला तो केरळ सरकार, बँका, उद्योग आणि परदेशात राहणाऱ्या हजारो मल्याळी माणसांच्या भागभांडवलावर. नागपूर आणि कोचीला विमानांचे नियंत्रण प्राधिकरणाकडेच आहे, चंडीगडला ते हवाई दलाकडे, आणि सगळीकडे सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचेच. कोल्हापूरसाठी प्राधिकरण, राज्य सरकार आणि कोल्हापूर-सांगलीच्या स्थानिक संस्था व उद्योग संघटना अशी भागीदारी असावी. अडीचशे किलोमीटरच्या आत पुणे, बेळगाव, गोवा असे पर्याय असताना कोल्हापूर एकट्याच्या प्रवाशांवर चालणार नाही. सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी यांना धरूनच गणित जमते, म्हणून मंडळावर त्यांनाही जागा हवी.

या मंडळाचे अधिकार चारच असावेत. वॉच अवर्स ठरवणे आणि वाढीव पाळीचा खर्च मंजूर करणे. वाहनतळ, दुकाने, जाहिराती आणि टर्मिनलबाहेरची जमीन यांचे करार करणे. नव्या मार्गाला पहिली काही वर्षे शुल्कात सवलत, रात्रीचा मुक्काम मोफत अशी आमिषे देणे. आणि विमान कंपनीशी किमान उत्पन्नाची हमी करणे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. जागेमागे सरसकट अनुदान देण्यापेक्षा, सकाळच्या फेरीत ठरल्यापेक्षा कमी उत्पन्न आले तरच तेवढी भर घालू, असा करार करता येतो. विमान भरले तर एक रुपयाही जात नाही. उद्योग संघटनांनी वर्षाच्या काही जागा आगाऊ घेतल्या तर हमीचा भार आणखी हलका होतो. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. वकील, पक्षकार, सरकारी अधिकारी यांची ये-जा ही नवी, नियमित, वारानुसार ठरलेली मागणी आहे. तिचा अभ्यास करून कंपनीपुढे कोण मांडणार? आज हे कोणाचेच काम नाही.

मालवाहतुकीबद्दल मात्र अवाजवी आशा लावू नये. फाउंड्रीचे कास्टिंग विमानाने जात नाही, जाऊही नये. प्रवासी विमानाच्या पोटात सामान भरल्यावर टन-दीड टन जागा उरली तरी खूप. तिथे हुपरीची चांदी, शिरोळ भागातल्या हरितगृहांतली फुले, तातडीचे सुटे भाग आणि औषधे बसतील.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप असा : आज मोठ्या विमानतळांच्या कमाईवर लहान जगतात, कोल्हापूरला वेगळे काढले तर ते उपाशी मरेल. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच स्वायत्ततेबरोबर तूट भरून देण्याचा लेखी करार हवा. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई खासगी कंपन्यांना दिले तेव्हा त्यांच्या उत्पन्नातला अनुक्रमे ४५.९९ आणि ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाला मिळेल असे ठरले. २०१९ मध्ये अहमदाबाद, लखनऊ, जयपूर, मंगळुरू, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम हे सहा ५० वर्षांसाठी देताना प्रति प्रवासी ठरावीक रक्कम हा निकष लावला. हा पैसा लहान विमानतळांच्या पोषणासाठीच वापरला जावा. पण आज कोल्हापूरला त्यातून किती मिळते, कोल्हापूरची तूट किती, त्यात मुख्यालयाच्या खर्चाचा वाटा किती, हे सामान्य माणसाला एका पानावर दिसत नाही. गावातल्या दूध संस्थेचा सभासद दर दहा दिवसांच्या बिलात लिटर, फॅट आणि दर बघतो. ज्या विमानतळासाठी जमीन दिली, कर दिला, त्याचा वर्षाचा जमाखर्च तालुक्याला बघायला मिळू नये, हे आम्हाला पटत नाही. सात वर्षांचा, दरवर्षी थोडी कमी होणारी रक्कम आधीच लिहिलेला करार झाला तर मंडळाला नियोजन करता येईल आणि केंद्रालाही आपला भार कळेल.

खासगीकरणाने हे आपोआप होईल, असे मानणाऱ्यांनी याच राज्यातल्या पाच विमानतळांकडे पाहावे. नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती, यवतमाळ हे विमानतळ २००९ मध्ये दीर्घ मुदतीने एका खासगी कंपनीकडे गेले. जबाबदारीची वेळापत्रके आणि मोडल्यास परत घेण्याची झटपट तरतूद यांच्या अभावी राज्याला पुढे ते परत मिळवण्यासाठी खटपट करावी लागली. मोठ्याबरोबर लहान विमानतळ जोडून एकाच खासगी चालकाला देण्याच्या धोरणातही हाच धोका आहे. चालक मोठ्यात गुंतवतो आणि लहान जिवंत ठेवतो, वाढवत नाही.

दुसरा आक्षेप स्थानिक राजकारणाचा. मंडळ झाले की खुर्च्यांची वाटणी होईल, नातेवाइकांना कंत्राटे जातील, नेत्याच्या सोयीने विमान थांबेल. कोल्हापुराने सहकाराची उंची पाहिली आहे आणि बुडालेल्या संस्थाही पाहिल्या आहेत, तेव्हा ही भीती हवेतली नाही. म्हणून नियम आधीच लिहावेत. मुख्य अधिकारी विमानतळ चालवण्याचा अनुभव असलेला आणि पाच वर्षांच्या मुदतीचा. त्याला हटवायला दोन-तृतीयांश मत. मंडळावर लोकप्रतिनिधी दोनपेक्षा जास्त नाहीत. लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांकडून. सर्व करार सहीच्या दिवशी संकेतस्थळावर. आणि विमान उतरवण्या-उडवण्याच्या सुरक्षेत मंडळाला एका शब्दाचाही अधिकार नाही.

राज्य सरकारचे काम यात केंद्राहून कमी नाही. मुंबई आणि पुण्यात इंधनावरचा व्हॅट एप्रिल २०२३ मध्ये २५ वरून १८ टक्क्यांवर आला. उडानच्या विमानतळांसाठी एक टक्का दर दहा वर्षांसाठी मान्य झाला होता. योजना २०१६ ची आहे. ती मुदत आता दूर नाही. तो दर पुढेही राहणार की नाही, हे आजच जाहीर केले तर कंपनीला कोल्हापुरात विमान मुक्कामी ठेवण्याचा विचार करता येईल. सोलापूरच्या सेवेसाठी राज्याने स्वतः तूट भरून देण्याचा निर्णय घेतला, तो चांगला आहे. तोच नियम सर्व लहान विमानतळांना लागू करावा. सोलापूरने आणखी एक धडा दिला आहे. जून २०२३ मध्ये साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची उभी चिमणी उड्डाणमार्गात येते म्हणून पाडावी लागली. कोल्हापूरभोवती बांधकामे झपाट्याने उंच होत आहेत. प्राधिकरणाचे उंचीचे रंगीत नकाशे प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर आजच लागले तर उद्या कोणाचा मजला पाडावा लागणार नाही.

मंडळावर आणखी दोन खुर्च्या असाव्यात, उजळाईवाडी-गडमुडशिंगी आणि तामगाव-नेर्ली या बाजूंच्या ग्रामपंचायतींसाठी, मतासह. पहाटे सहाच्या विमानाचा आवाज त्यांच्या घरांवरून जाणार आहे. धावपट्टीने तोडलेल्या रस्त्याचा वळसा त्यांची मुले शाळेला जाताना घालतात. विमानतळ किती वाजता उघडायचा, हे ज्या टेबलावर ठरेल, तिथे ही माणसे पहिल्या बैठकीपासून बसलेली हवीत.